कांदासरांचा ज्वालामुखी

फळ्यावर ज्वालामुखी काढणं दिसतं तितकं सोपं नाही. खाली तप्त रसाचं कोठार काढायचं, कोठाराला फुटलेल्या बारीक बारीक शिरा काढायच्या, मधोमध वर जाणारी नळी, नळीच्या दोन्ही अंगांना डोंगराचे एकावर एक थर, आणि डोक्यावर धुराचा झुपका. भूगोलाचे सर हे चित्र एकोणीस वर्षं काढत आले होते. आणि एकोणीस वर्षं, झुपका काढून त्यांनी हात झटकले रे झटकले की मागच्या बाकावरून तोच प्रश्न यायचा.

"सर, हा उभा चिरलेला कांदा आहे का?"

त्यावरून त्यांचं नाव कांदासर पडलं. शाळेत पडलेलं नाव डांबरासारखं असतं, घासलं की आणखी पसरतं. एकदा पालकसभेत एक गृहस्थ उठून, हात जोडून, अत्यंत आदराने म्हणाले, "कांदासरांना माझी नम्र विनंती आहे." त्या बिचाऱ्यांना ते आडनावच वाटलं होतं. सरांनी दुरुस्ती केली नाही. दुरुस्त करायचं म्हणजे आधी समजावून सांगायचं, आणि समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा फळ्यावर ज्वालामुखी काढायचा.

हेही सरांनी पचवलं असतं. पण यंदा त्यांची मुलगीच सातवी 'ब'मध्ये आली. चित्र झालं, प्रश्न आला, वर्ग हसला, इथवर सगळं वहिवाटीप्रमाणे झालं. मग मागच्या बाकावरच्या त्या महाभागाने पुढच्या बाकावरच्या सरांच्या मुलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "मग ही पात."

संध्याकाळी मुलीने दप्तर खुंटीला न लावता खाली टाकलं.

"मला शाळा बदलायची आहे."

"का गं, काय झालं?" सर म्हणाले, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

"मला पात म्हणतात."

"कसली पात?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"कांद्याची."

बायकोने ताबडतोब भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. ती रडत असावी, असं सरांनी ठरवून टाकलं.

"मावशीकडे राहीन आणि तिथल्या शाळेत जाईन," मुलगी म्हणाली. "तिथे प्रत्येक वर्गात प्रोजेक्टर आहे. तिथले सर चित्र काढतच नाहीत. भिंतीवर खराखुरा ज्वालामुखी दाखवतात, आवाजासकट. सोमवारी मावशीला फोन करणार आहे मी."

सरांना हे लागलं. शाळेतल्या भूगोलाच्या साधनांची त्यांना स्वतःलाच लाज वाटत असे. एक नकाशा होता, त्यावरचे दोन देश आता जगात नव्हते आणि एक महासागर घडीवर फाटला होता. एक पृथ्वीचा गोल होता, पण तो दांडीतून निसटलेला. टेबलावर ठेवला की दाराकडे पळायचा, म्हणून पहिल्या बाकावरच्या मुलीने तो हाताने धरून ठेवायचा आणि धरलेल्या भागात नेमका आपला देश असायचा. एवढ्या सामानात त्रेचाळीस मुलांना जग शिकवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात गेले आणि जरा जास्तच बोलून बसले.

"येत्या शुक्रवारी, चौथ्या तासाला, या भिंतीवर मी खरा ज्वालामुखी दाखवणार आहे. मग बघू कोण कांदा म्हणतं ते."

मुलगी वहीत डोकं घालून बसली होती. तिने मान वर केली नाही, पण पेन थांबलं, हे सरांनी पाहिलं.

आता, सर हवेत बोलले नव्हते. शाळेत प्रोजेक्टर होता. चार वर्षांपूर्वी कुठल्याशा दानशूर संस्थेने तो पाठवला होता आणि तेव्हापासून तो मोठ्या बाईंच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, खोक्यात, खोक्याचं सील न तोडता, सुखाने नांदत होता. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि जगात त्यांना एकाच शब्दाची भीती वाटायची. तो शब्द म्हणजे 'खुलासा'.

"माझी काहीच हरकत नाही," बाई म्हणाल्या. "फक्त भाऊसाहेबांना विचारा."

भाऊसाहेब म्हणजे शाळेचे कारकून. त्यांच्या कार्यालयात दोन गोष्टी होत्या, ज्या शाळेत दुसरीकडे कुठेच नव्हत्या. एक, विजेचा चालू प्लग. आणि दोन, त्या प्लगला लावलेली चहाची किटली. ही किटली एका ठेंगण्या चौकोनी बैठकीवर बसलेली असायची. बैठकीवर फुलाफुलांचं मेणकापड, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून ताणून बसवलेलं. दिवसातून दोनदा ती किटली शिट्टी मारायची आणि शाळेत घंटेपेक्षा तिचाच भरवसा जास्त होता.

भाऊसाहेबांनी जडवस्तूंची नोंदवही काढली, थुंकी न लावता पानं उलटली (ते शिस्तीचे होते) आणि सत्तेचाळिसाव्या पानावर बोट ठेवलं.

"प्रोजेक्टर, नग एक, स्थिती चालू. दरवर्षी तपासणीला साहेब येतात, सील बघतात, सही करतात. चार वर्षांच्या चार सह्या आहेत."

"मग मला शुक्रवारी द्या की."

"सर," भाऊसाहेब अगदी कळवळून म्हणाले, "वस्तू वापरली की बिघडते. बिघडली की 'चालू' खोडावं लागतं. खोडलं की खुलासा द्यावा लागतो. या वहीत आजवर एक खाडाखोड नाही. तराजू बघा, पेटी बघा, सूक्ष्मदर्शक बघा. सगळं चालू. कारण हात लावू दिला नाही."

"पण खोका न उघडता तो चालू आहे हे कशावरून?"

"तो बंद आहे असं कुणी सिद्ध केलंय?"

सर कागद घेऊन बसले. त्यांनी अर्ज लिहिला. 'प्रोजेक्टर मिळावा' असा. अर्ज परत आला, कारण मिळावा म्हणजे कायमचा की काय. त्यांनी दुसरा लिहिला, 'वापरण्यास मिळावा'. तोही परत आला, कारण वापराला वहीत रकानाच नव्हता. तिसरा अर्ज सरांनी रागाच्या भरात लिहिला की, 'सदर प्रोजेक्टर चालू असल्याची खात्री करून घेण्यासाठी तो सातवी ब च्या वर्गात सुरू करून पाहण्याकरिता समिती नेमावी.' हा मात्र तासाभरात मंजूर झाला. समिती म्हटल्यावर जबाबदारी पाच जणांत वाटली जाते आणि एकेकाच्या वाट्याला खुलाशाचा फक्त पाचवा हिस्सा येतो.

इकडे घरी बातमी वरच्या मजल्यावर पोचली. वरच्या मजल्यावर इंजिनिअरकाका राहायचे. पाणीपुरवठ्याचे निवृत्त इंजिनिअर. पाणी सोडून बाकी सर्व विषयांवर ते सल्ला देत, कारण पाण्याबद्दल लोक त्यांना उलटे प्रश्न विचारायचे.

"प्रोजेक्टरला सगळ्यात आधी काय लागतं, सांगा."

"वीज?"

"अंधार," काका म्हणाले. "तुमच्या वर्गाला खिडक्या किती?"

"चार."

"झडपा किती?"

"दीड."

काकांनी डोळे मिटले. मोठ्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर मिटत असावेत तसे. मग त्यांनी फर्मान काढलं की खिडक्यांना काळं कापड, वीज आणायला त्यांची चाळीस मीटरची वायर, चित्र दाखवायला त्यांच्या मुलाने पाठवलेला लॅपटॉप (ज्यावर ते आजवर फक्त पत्ते खेळले होते), आणि तांत्रिक सल्लागार म्हणून ते स्वतः. शेवटचं सोडून बाकी सगळं चालेल असं सर म्हणणार होते, पण काका तोवर जिना चढून वायर आणायला गेलेसुद्धा.

काळ्या कापडासाठी सर गल्लीतल्या शिंप्याकडे गेले. शिंप्याने कोटाच्या अस्तराचा तागा काढला, पण नुसतं कापून द्यायला त्याचा हात धजेना.

"शाळेचं काम आहे, सर. माझं नाव लागणार त्याला. झालर लावतो खालून."

"अहो, अंधार करायचाय फक्त."

"अंधार झाला म्हणून काय झालं, बेढब दिसायला नको."

राहिला पडदा. वर्गाच्या भिंतीला ओल आली होती आणि ओलीचे आकार असे पसरले होते की त्यावर कोणतंही चित्र टाकलं तर त्यात आणखी दोन बेटं दिसली असती. बायको आत गेली आणि सोळा वर्षं कागदात गुंडाळलेली पांढरी चादर घेऊन आली. तिच्या आईने स्वतः भरलेली. मधोमध दोन बदकं, चोचीला चोच लावून. ही चादर अंथरावी इतक्या योग्यतेचा पाहुणा या घरात सोळा वर्षांत आला नव्हता.

"अगं, ही कशाला?"

"मुलगी शाळा सोडून चाललीय तुमच्यापायी," ती म्हणाली. "चादर काय घेऊन बसलात. पण ऐका. टाचणी लावायची नाही, ताणायची नाही, आणि बदकांना खडूचा हात लावायचा नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे देते, त्यांनी अडकवा."

शुक्रवार उजाडला. सर दोन पिशव्या, एक चादर, चोवीस चिमटे आणि इंजिनिअरकाका घेऊन शाळेत पोचले.

आधी वायर. कार्यालयातल्या प्लगपासून वऱ्हांड्यातून, नळाच्या शेजारून, जिन्यावरून ती सातवी 'ब'पर्यंत न्यायची होती. काकांनी आदल्या दिवशी अंतर पावलांनी मोजलं होतं आणि चाळीस मीटरमध्ये आरामात बसेल असं लेखी दिलं होतं. वायर दारापाशी येऊन थांबली. पुढे यायला तयार नाही.

"अंतर वाढलंय," काका म्हणाले.

"एका रात्रीत?"

काकांनी थोडा विचार करून खरं कारण सांगितलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं पाऊल जरा आखूड पडत होतं, पण हिशेब अजून जुन्या पावलाचा चालू होता. शेवटी सगळी बाकं दाराकडे ओढायचं ठरलं. त्रेचाळीस मुलांनी एकाच वेळी बाकं ओढली, तेव्हा खालच्या वर्गातल्या बाई मुलांना घेऊन मैदानात धावल्या. त्यांना वाटलं, भूकंप. भूगोलाच्या दृष्टीने सुरुवात वाईट नव्हती.

मग प्लग. भाऊसाहेबांनी किटलीची पिन काढायला साफ नकार दिला.

"अकरा वाजता चहा होतो. चार वर्षांत एक दिवस चुकलेला नाही."

हो-नाही करता करता असं ठरलं की आधी खोका उघडून बघावा, मग किटलीचं बघू. समिती मोठ्या बाईंच्या खोलीत जमली. बाई, भाऊसाहेब, कवायतीचे सर, कांदासर आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून इंजिनिअरकाका. शिपाईमामा दारात उभे होते. ते समितीत नव्हते, त्यामुळे त्यांना काही बोलायची मुभा नव्हती, आणि त्यांनी ती मागितलीही नाही. कपाट उघडलं. खोका टेबलावर आला, चांगलाच जड होता. सीलचा फोटो काढला. सील तोडलं. तोडलेल्या सीलचा फोटो काढला. बाईंनी पदराने घाम पुसला.

आतून एक लोखंडी हात निघाला.

काळा, हातभर लांब, तीन ठिकाणी वाकणारा, एका टोकाला भोकं असलेली पट्टी. सोबत पिशवीत आठ स्क्रू. समितीने त्याच्याकडे पाहिलं.

"काचेचा डोळा कुठे असतो याला?" कवायतीच्या सरांनी विचारलं.

"आत असणार," भाऊसाहेब म्हणाले. "नव्या मॉडेलला बाहेर ठेवत नाहीत."

"आणि वायर?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका चष्मा वर करून वाकले, त्यांनी तो हात तिन्ही ठिकाणी वाकवून पाहिला, कान लावला.

"वायर नाही, म्हणजे बिनवायरचा आहे," ते म्हणाले. "मोबाईल नाही का बिनवायरचा?"

यानंतर जे घडलं ते समितीच्या इतिवृत्तात नाही, पण घडलं. पाच सुशिक्षित माणसं तो लोखंडी हात घेऊन सातवी 'ब'मध्ये गेली. झालरीचे काळे पडदे लावलेले, चादर चोवीस चिमट्यांवर, अंधारात त्रेचाळीस मुलं श्वास रोखून बसलेली. कवायतीच्या सरांनी हात बदकांच्या दिशेने रोखून धरला. काकांनी सगळे स्क्रू एकेक करून दाबून पाहिले. भाऊसाहेबांनी त्याला हळूच एक थापटी मारली, कार्यालयातल्या पंख्याला मारतात तशी. पाच मिनिटं गेली. दहा गेली. चादरीवर दोन बदकं होती तशीच होती.

"सर," अंधारातून मागच्या बाकावरचा आवाज आला, "ज्वालामुखी निद्रिस्त आहे का?"

वर्ग फुटला. हसण्याच्या त्या कल्लोळात फक्त पुढच्या बाकावरची एक मुलगी हसत नव्हती. सरांनी एवढंच पाहिलं आणि ते बाहेर पडले.

कार्यालयात येऊन ते बसले. बाकीची समिती मागोमाग आली. काकांनी खोक्यावरचं बारीक अक्षर आत्ता वाचलं होतं. तो प्रोजेक्टर छताला टांगायचा नुसता दांडा होता. बाईंचा चेहरा पांढरा पडला. चार वर्षं, चार साहेब, चार सह्या. एका दांड्याला.

"खुलासा," बाई पुटपुटल्या.

अकरा वाजले. किटलीने शिट्टी मारली. माणूस कितीही संकटात असला तरी भाऊसाहेब चहाच्या वेळी त्याला माणूस म्हणूनच वागवायचे. त्यांनी पहिला कप कांदासरांसमोर ठेवला. सरांनी मान खाली घातली होती. सोमवारचा फोन त्यांना आत्ताच ऐकू येत होता. मुलगी बॅग भरणार, मावशी म्हणणार की बरं झालं, आणि ते स्वतः मात्र इथेच, याच फळ्यावर, निवृत्त होईपर्यंत कांदे काढत राहणार.

"तरी मला वाटतच होतं," दारातून शिपाईमामा म्हणाले, "की दुसरा खोकापण उघडून बघावा."

सगळ्यांचे कप हवेत थांबले.

"कुठला दुसरा?" बाईंनी विचारलं.

"त्या दिवशी टेम्पोतून दोन उतरवले ना मी. एक जड, एक हलका."

सगळ्यांच्या माना सावकाश भाऊसाहेबांकडे वळल्या. भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला.

"पावतीवर 'नग एक' होतं," ते म्हणाले. "खोके दोन आले. वहीत दोन लिहिले असते तर पावती खोटी पडली असती. मग जो जड होता तो कपाटात ठेवला. किमती वस्तू जडच असते, सर. तिजोरी बघा."

"आणि हलका?"

भाऊसाहेबांनी नुसतं किटलीकडे पाहिलं.

सर उठले. किटली उचलून त्यांनी मोठ्या बाईंच्या हातात दिली, आणि बाईंनी ती घेतली. मग टाचण्या काढल्या. फुलाफुलांचं मेणकापड निघालं. खाली खोका होता, वर किटलीच्या बुडाचं तपकिरी गोल वर्तुळ, आणि वर्तुळाच्या मधोमध छापलेला प्रोजेक्टरचा फोटो. आत थर्माकोलमध्ये, काचेचा डोळा मिटून, तो पडलेला होता. अंगाने कोमट.

"चार वर्षं रोज दोनदा शेक मिळालाय," काकांनी निदान केलं. "म्हणून ओल लागली नाही. कपाटात असता तर केव्हाच मेला असता."

भाऊसाहेबांची छाती हळूहळू फुगायला लागली, पण बाईंनी ती वेळीच अडवली.

"तो वहीत नाहीये. वहीत नसलेली वस्तू वर्गात न्यायची कशी? परवानगी कशी देऊ मी?"

इथे सगळं पुन्हा अडणार अशी चिन्हं दिसू लागली. पण शिस्तीचा माणूस शिस्तीतूनच वाट काढतो. भाऊसाहेबांनी कपाळावर बोट ठेवलं, वही उघडली, मिटली आणि आजवरच्या नोकरीत पहिल्यांदाच ते हसले.

"बाई, वहीत नसलेली वस्तू बिघडूच शकत नाही. बिघडली तर खोडायला जागा नाही, आणि खोडलंच नाही तर खुलासा कसला? नसलेल्या वस्तूला परवानगी देता येत नाही हे खरं. पण ती नाकारता तरी कुठे येते?"

"आणि कपाटातला दांडा? त्याला 'चालू' लिहिलंय."

काकांनी दांडा पुन्हा तीन ठिकाणी वाकवला. "तिन्ही सांधे उत्तम चालतात. माझ्यापेक्षा बरे. लेखी देतो हवं तर."

"नको, लेखी नको," बाई घाईने म्हणाल्या. अजूनही किटली त्यांच्याच हातात होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग प्लगकडे. पण पुढे झाले ते भाऊसाहेब. त्यांनी आपल्या हाताने किटलीची पिन काढली आणि सरांची वायर लावली. घरातली थोरली लेक सासरी धाडताना माणूस जसं दुसरीकडे बघतो, तसे ते खिडकीबाहेर बघत होते.

चौथा तास संपायला बारा मिनिटं उरली होती.

प्रोजेक्टर सुरू झाला. आधी गुरगुरला, मग त्याच्या डोळ्यातून उजेडाचा पट्टा निघाला आणि चादर लख्ख झाली. पट्ट्यात चार वर्षांची धूळ नाचत होती. वर्गाच्या तोंडून एक 'अहा' निघालं, अजून काही दिसायचं होतं तरी. सरांनी लॅपटॉपचं बटण दाबलं आणि भिंतभर एक पांढरा, उंच, गाठाळ आकार उमटला.

"हा ज्वालामुखी?" कोणीतरी कुजबुजलं.

"तो माझा गुडघा आहे," मागून काका म्हणाले. "डावा. ऑपरेशनच्या आधीचा. पुढचं बटण दाबा."

सरांनी पुढचं बटण दाबलं.

आणि डोंगर फुटला.

अख्खी भिंत लाल झाली. त्रेचाळीस मुलं एकदम मागे सरली, पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातून पृथ्वी सुटली आणि दाराकडे पळाली, पण तिला धरायला कोणी उठलं नाही. दगड आकाशात उडत होते, राखेचे ढग पडद्याच्या झालरीपर्यंत चढत होते आणि तापलेला लाल रस दोन बदकांच्या अंगावरून सावकाश खाली वाहत होता. बदकं हलली नाहीत. दारात शेजारच्या वर्गाची मुलं जमली, त्यांच्यामागे त्यांच्या बाई, त्यांच्यामागे शिपाईमामा. मामा तोंड उघडं टाकून इतका वेळ बघत राहिले की त्या दिवशी शाळेत चौथ्या तासाची घंटा झालीच नाही, आणि कोणाला भूकही लागली नाही.

मग चित्रफितीतला डोंगर शांत झाला. एक गंभीर आवाज म्हणाला की आता आपण ज्वालामुखीच्या आत पाहू. आणि शास्त्रज्ञांनी काढलेलं, मोजून मापून रंगवलेलं चित्र भिंतीवर आलं.

खाली फुगलेलं कोठार. त्याला फुटलेल्या बारीक शिरा, अगदी मुळांसारख्या. मधोमध नळी. दोन्ही अंगांना एकावर एक थर. आणि डोक्यावर झुपका.

वर्गात अशी शांतता पसरली की प्रोजेक्टरचा पंखा ऐकू येऊ लागला. सर भिंतीकडे बघत होते. चार वर्षांचा खोका, तीन अर्ज, चाळीस मीटर वायर आणि सासूबाईंची बदकं एवढं सगळं पणाला लावून त्यांनी भिंतीवर जो आणला होता तो आठ फुटी कांदा होता.

मागचा बाक उठून उभा राहिला. सरांनी डोळे मिटले.

"सर," तो महाभाग म्हणाला. त्याचा आवाज जरा वेगळाच येत होता. "हे तर तुमचं चित्र आहे."

"अगदी सेम," दुसरा म्हणाला. "त्या शिरापण."

"म्हणजे सर बरोबर काढत होते?"

"एकोणीस वर्षं," पुढच्या बाकावरून एक आवाज आला. सरांची मुलगी उभी राहिली होती. तिने मागे वळून सगळ्या वर्गाकडे पाहिलं. "एकोणीस वर्षं, न बघता."

मग टाळ्या सुरू झाल्या. कोणी सुरू केल्या कळलं नाही, पण कवायतीचे सर नंतर सगळ्यांना सांगत होते की त्यांनीच. दारातून कोणीतरी ओरडलं, "कांदासरांचा विजय असो," आणि पूर्वी कधी झालं नव्हतं ते झालं. सरांनी त्या नावाला मान झुकवून नमस्कार केला.

शाळा सुटताना सर सायकल काढत होते. फाटकापाशी मागच्या बाकावरच्याने हाक मारली, "ए पात, सोमवारी आम्ही पहिल्या बाकावर बसणार आहोत, जागा धर." आणि मुलगी थांबली, वळली, आणि एखाद्या संस्थानाची राजकन्या असावी अशा थाटात म्हणाली, "बघते. खूप जणांनी सांगून ठेवलंय."

घरी चादर तपासण्यात आली. एक चिमट्याचा वण सोडला तर निर्दोष सुटली. बदकांना खडू लागला नव्हता. बायकोने ती पुन्हा कागदात गुंडाळायला घेतली, थांबली, आणि तशीच बाजूला ठेवली.

"असू दे बाहेरच. पुढच्या आठवड्यात धरणीकंप आहे म्हणालात ना?"

ती भाजी चिरायला बसली. सरांनी तिच्यासमोरून एक कांदा उचलला, सुरीने उभा चिरला आणि अर्धा भाग दिव्यासमोर धरून बघत राहिले.

"हे मुख," ते हलकेच म्हणाले. "ही नळी. हे थर."

मुलगी सोमवारची वाट न बघता फोन कानाला लावून मावशीला सांगत होती की तुझ्याकडे यायचं म्हणत होते, पण राहू दे, आमच्याच शाळेत बरं आहे. तिने फोनवर हात ठेवला.

"बाबा, शिरा राहिल्या. खालची मुळं कापू देऊ नका आईला. ती पण चित्रात आहेत."